गवाहीला मी होतो

माझा साडू जाऊन दोन वर्षं झाली आणि मला अजूनही त्याचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी पश्चात्तापाचं काही लिहिलं, तर त्यावरून कुणी मला भला माणूस समजू नये.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. माझी मोठी, त्याची धाकटी. मी औशाच्या शाळेत मास्तर होतो आणि घर लातूरला. त्याचा अर्धापूरला केळीचा मळा. तो दहावीला दोनदा बसला होता आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. "तुमच्यासारख्या चार मास्तरांनी मिळून मला पास केलं न्हाई, मास्तर. शेवटी केळीनं केलं." सासरवाडीच्या ओसरीवर सगळे हसत. माझी बायको जरा जास्तच हसे. घरी माझ्या एखाद्या वाक्यावर ती शेवटची कधी हसली होती, ते मी तिथे बसून आठवत राही.

हेव्याला मोठं कारण लागत नाही. जेवायला दोघा जावयांचे पाट शेजारी मांडले, तरी पहिली पोळी त्याच्या ताटात पडते असं मला वाटायचं. कदाचित पडतही नसेल. तो लातूरला आला की आमच्या गल्लीतली कुत्री शेपूट हलवत त्याच्या मागे जात. मी त्या गल्लीत राहून सगळी नोकरी काढली, माझ्यावर ती भुंकत. पंधरा दिवसांनी कधी नांदेडहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे तो केळीच्या फण्या देई आणि बायको स्टँडवर जाऊन घेऊन येई. मी ती केळी खात नसे. दात दुखतो म्हणत असे.

"केळं खायला दात लागत नाहीत," बायको एकदा म्हणाली आणि पुढ्यातली बशी उचलून घेऊन गेली.

त्यांना मूल नव्हतं. मला एक मुलगा होता. आयुष्यात त्याच्याकडे नव्हती आणि माझ्याकडे होती अशी ही एकच गोष्ट, आणि ती मी मनात फार जपली होती. मग मुलगा इंजिनिअरिंगला नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला गेला. शनिवारी हॉस्टेल सुटलं की लातूरच्या गाडीत बसायचं सोडून तो अर्धापूरला जाई. "लातूर लांब पडतं, पप्पा." फोनवर बोलू लागला तर मुनवे कधी लावले, घड कसे निसवले, ठिबक कुठे तुंबलं. माझ्या मुलाच्या तोंडी दुसऱ्याच माणसाची भाषा ऐकत मी म्हणायचो, "अभ्यास कर."

पदवी मिळाली तेव्हा त्याने सरळ सांगितलं की त्याला नोकरी करायची नाही, काकांच्या मळ्यात राहायचं आहे. आठवड्याच्या आत साडू धुतलेलं धोतर नेसून, पेढे घेऊन लातूरला आला. खुर्चीवर न बसता सतरंजीवर बसला.

"लोक मुलगी मागायला येत्यात, तसा मी आलोय, मास्तर," तो म्हणाला. "पोरगं द्या. तुमचं ते तुमचंच ऱ्हाईल. मळा मात्र त्याचा."

बायकोने पदर डोळ्यांना लावला. मी विचार करू म्हणालो. त्याने मान हलवली. "करा की. मलाबी एकदा आईला इचारायचंय. तिनं हो म्हणलं की मग कोन न्हाई म्हणतंय बघू."

आई म्हणजे आमच्या बायकांच्या माहेरची देवी. अर्धापूरपासून जीपने तासाभरावर उघडा माळ आहे, त्यावर टेकडी आणि टेकडीवर ती. मी लग्नानंतर एकदाच गेलो होतो, तेही गर्दीत. तिथे कौल लावतात एवढंच ऐकून होतो. सासरे कधी लावत नसत. देवीला कोड्यात घालू नये, असं त्यांचं म्हणणं होतं, त्यामुळे घरातल्या बायकांनाही त्यातलं फारसं माहीत नव्हतं. साडूची कुळदेवी वेगळी. म्हणजे आम्हा चौघांपैकी कुणालाच रीत ठाऊक नव्हती.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी आम्ही गेलो. दोघी बहिणी पायथ्याशी चिंचेखाली तीन दगड मांडून पुरण शिजवायला बसल्या. मी आणि साडू पायऱ्या चढू लागलो. अर्ध्यावर एक म्हातारी पायरीवर बसली होती, वर बघत आणि खाली बघत. आम्ही तिच्या पुढे गेलो. वर पोचल्यावर साडूने मागे वळून पाहिलं. म्हातारी तिथेच होती.

"तुम्ही नंबर धरा मास्तर, मी आलो," म्हणून तो परत खाली उतरला.

मला राग आला. इथेही याला चांगलं दिसायचं आहे, असं मनात आलं. मी गाभाऱ्यासमोर बसलो. तेव्हाचा गुरव म्हणजे काटकुळा म्हातारा, कानात बिडी अडकवलेला. गर्दी नव्हती. माझ्या चष्म्याकडे बघून त्याने ओळखलं.

"मास्तर दिसता."

"होतो."

"मग ऐका. मास्तर लोकांना गोष्ट सांगितल्याबिगर सोडत न्हाई मी."

देवीला घडवलेली मूर्ती नाही. जमिनीतून वर आलेला तांदळा आहे, शेंदराने माखलेला, त्यावर चांदीचे डोळे. गुरव सांगू लागला. ही मूळची माहूरची. एका भक्ताच्या मागून चालत निघाली. अट एकच, मागं बघायचं नाही. या माळावर काळी चिखलट माती लागली, तिच्या पैंजणांचा आवाज मातीत बुडाला, भक्ताला वाटलं आई मागेच राहिली. त्याने वळून पाहिलं. ती तिथेच थांबली, त्याच्या तोंडाकडे बघत.

"म्हणून ती आपल्या समोरासमोर हाय," गुरव म्हणाला. "ह्ये ध्यानात ठिवा. कौलाचं सगळं ह्याच्यावर हाय."

मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली. कुणी एक पाटील होता. विहिरीचं पाणी धाकट्या भावाला द्यावं का, म्हणून कौल लावायला आला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कण्हेरीची कळी चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाटलाच्या समोर कळी पडली, त्याच्या डाव्या हाताला. देवी नाही म्हणाली, असं समजून तो खुशीत घरी गेला. वर्षभरात विहीर आटली. पाटील येऊन देवीशी भांडला. तेव्हा आतून आवाज आला, "मी तर हो म्हणले होते. उजवं कुनाचं धरलंस? माझं का तुझं?"

"तुमचा डावा त्यो तिचा उजवा," गुरव म्हणाला. "समोरासमोर हाय न्हवं."

"पण तिला हात कुठे आहेत?" मी विचारलं.

"म्हणून तर माणसं चुकत्यात."

पाटलाने स्वतः पाहिलं म्हणून चुकलं, माणसाला हवं तेच दिसतं, म्हणून तेव्हापासून विचारणाऱ्याने उंबऱ्यावर डोकं ठेवायचं आणि डोळे मिटायचे. पाहायचं दुसऱ्याने. त्या दुसऱ्याला इथे गवाही म्हणतात. गवाही रक्ताचा नसावा, पण नात्याचा असावा. तो सांगेल तो कौल. तीच गोष्ट पुन्हा विचारायची नाही, आणि काय कौल लागला ते गुरवाला सांगायचं नाही. कळ्या लावल्या की गुरवही पाठ फिरवून बाहेर बसतो.

"साडू चालतो गवाहीला?" मी विचारलं.

गुरव बोळक्या तोंडाने हसला. "साडू तर एक नंबर. साडूइतकं साडूकडं बारीक नजरेनं कोन बघतंय?"

तेवढ्यात साडू वर आला. म्हातारी त्याच्या पाठीवर होती आणि पडू नये म्हणून तिने त्याचे दोन्ही कान धरले होते. तो धापा टाकत होता आणि हसत होता. "मास्तर, घोड्याचा लगाम बघा," म्हणाला. गुरवाने त्याला पाणी दिलं. गोष्ट पुन्हा सांगायला गुरवाला उत्साह उरला नव्हता. ऐकून घेतलं का, असं त्याने डोळ्यांनी मला विचारलं. मी मान डोलावली. म्हणजे आता ती मी साडूला सांगायची होती.

मी सांगितली नाही. गवाही काय, उंबरा काय, एवढंच सांगितलं. उजवी हो, डावी नाही, हेही सांगितलं. कुणाची उजवी, ते सांगितलं नाही.

त्याने डोकं टेकवलं, डोळे मिटले आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "आई, अक्काचं पोरगं मळ्यात ठिवून घेऊ का?" माझ्या बायकोला तो अक्का म्हणत असे.

मी त्या दोन कळ्यांकडे पाहत उभा होतो. आयुष्यात मी देवाकडे इतक्या एकाग्रतेने कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डाव्या हाताची कळी आधी थोडी सरकली, शेंदरावर एक ओली रेघ उमटली आणि कळी पडली.

"काय झालं, मास्तर?" डोळे मिटूनच त्याने विचारलं.

"डावा," मी म्हणालो.

कितीतरी वर्षं मी या एका शब्दाच्या आडोशाला बसलो. मी खोटं बोललो नव्हतो. माझ्या डाव्या हाताला कळी पडली, मी डावा म्हणालो. कोर्टातसुद्धा मी हेच सांगितलं असतं.

तो थोडा वेळ तसाच राहिला. मग उठला, गुडघे झटकले. "तिला जास्त कळतं," म्हणाला. पायऱ्या उतरताना एकदाच बोलला, "अक्काला तुम्हीच सांगा. माझ्यानं न्हाई हुयाचं." मी सांगितलं. तिची बहीण चुलीतला जाळ पुढे सारत राहिली. मी त्या दिवशी चार पुरणपोळ्या खाल्ल्या. मला वाईट वाटलं असं लिहायला बरं पडलं असतं. मला आनंद झाला होता. निदान एक गोष्ट त्याला मिळाली नव्हती.

मुलगा पुण्याला गेला, एका कंपनीत लागला. मालाच्या गाड्या कुठे पोचल्या ते तो तिथे बसून स्क्रीनवर बघतो. त्याचं वाईट चाललेलं नाही. लग्न झालं, मुलगी आहे. नवव्या मजल्यावर गॅलरीत त्याने एका निळ्या ड्रममध्ये केळीचं रोप लावलं आहे. पानं मोठी येतात, वाऱ्याने फाटतात, घड कधी धरला नाही. मी पुण्याला गेलो की गॅलरीचं दार लावून घेतो. धूळ येते म्हणून.

मला वाटलं होतं साडू आता खट्टू होईल, येणंजाणं कमी करील. त्याने फण्या पाठवणं थांबवलं नाही. उलट पुण्यालाही पाठवू लागला. मग त्याचं यकृत बिघडलं, न पिणाऱ्या माणसाचं, आणि वर्षभरात तो गेला. अंत्यविधीला मळ्यापासून रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. माझ्या वेळी यातली निम्मी तरी येतील का, हा विचार मी तिथे केला. मुलगा केळीच्या दोन ओळींच्या मधे उकिडवा बसला होता. कुणी हाक मारली तरी उठला नाही. मी हाक मारली नाही.

मधल्या काळात एकदा मी बायकोला सांगायला तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, "अर्धापूरच्या पाव्हण्यांचा फोन आलाय, थांबा जरा." मी थांबलो तो थांबलोच.

या मार्गशीर्षात मेहुणीचा फोन आला. एकटीने मळा होत नव्हता. नांदेडचा एक व्यापारी मागे लागला होता. विकू का नको, हे तिला देवीला विचारायचं होतं. "गवाहीला तुम्ही या, दाजी. तुम्हाला रीत ठावं हाय."

मी गुडघे सांगितले, रक्तदाब सांगितला. शेवटी गेलो. गुडघे खरे बायकोचे दुखत होते, ती चिंचेखाली बसली. म्हातारा गुरव आता नाही, त्याचा मुलगा आहे. मागे रांग होती, गोष्ट सांगायला त्याला वेळ नव्हता. "गवाही कोन?" एवढंच विचारून त्याने कळ्या लावल्या आणि पाठ फिरवली. मेहुणीने उंबऱ्यावर डोकं ठेवलं. "आई, मळा विकू का?" म्हणाली.

या वेळी माझ्या उजव्या हाताची कळी पडली. म्हणजे देवीची डावी. म्हणजे नाही.

मी उजवा म्हणालो असतो तरी जुन्या हिशेबाने ते जुळलं असतं. तिने मळा विकला असता आणि साडूची शेवटची खूण पुसली गेली असती. हा विचार माझ्या मनात आला, तोही इथे लिहून ठेवतो. पण तो गेलेला माणूस त्या उंबऱ्याशी अजून डोकं टेकवून बसला आहे आणि विचारतो आहे काय झालं, मास्तर, असं मला वाटलं.

"डावा," मी म्हणालो.

मेहुणीने डोळे उघडले. कळी समोरच पडलेली होती. "दाजी, ह्ये तर उजवीकडं पडलंय."

"देवीचा डावा. ती समोरासमोर आहे. इथे तिचा हात धरतात."

ती कळीकडे बघत राहिली. मग उठली, देवीकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि आपला उजवा हात वर केला. तो माझ्या डाव्या बाजूला आला. तिने हात खाली घेतला, पुन्हा वर केला.

"ह्ये तुम्हाला कवा कळलं?" तिने विचारलं.

आत्ताच गुरवाने सांगितलं, असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तो बाहेर बसला होता, त्याला कुणी विचारायला गेलं नसतं.

"तेव्हाच," मी म्हणालो. "कौल लावायच्या आधी."

"त्यांना?"

"त्यांना माहीत नव्हतं. ते म्हातारीला आणायला खाली गेले होते."

तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही, मी खाली बघत होतो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "म्हातारीचं मला सांगितलं होतं त्यांनी. कान धरले होते म्हणं तिनं. कौलाचं नंतर सांगितलं, म्हातारीचं आधी." आणि तिला हसू आलं, मग ते हसू राहिलं नाही.

"मावशी, झालं का? पुढं सरका," गुरव बाहेरून म्हणाला.

कळी उचलून विचारणाऱ्याच्या पदरात टाकायची, हेही गवाहीचंच काम. मी ती उचलली, पण हात पुढे होईना. तिनेच पदर पसरला. "टाका," म्हणाली. "फुलाचा काय दोष?"

पायऱ्या आम्ही उतरलो, ती पुढे, मी मागे. कदाचित साडूही माझ्यावर एवढाच चिडला असता, किंवा एवढाही नाही. तो मला लगेच माफ करून मोकळा झाला असता आणि त्या माफीचाही मी हेवा केला असता.

चिंचेखाली बायकोने विचारलं, "काय लागला कौल?"

"दाजीला इचार," तिची बहीण म्हणाली आणि पाण्याची बाटली घेऊन बाजूला जाऊन बसली.

मी सांगितलं. मास्तरकीची सवय, सुरुवातीपासून सांगितलं, पाटलाच्या विहिरीसकट. बायकोने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "त्या दिवशी चार पोळ्या खाल्ल्या होत्या तुम्ही." आणि पिशवीतून फोन काढून माझ्या हातात दिला. "लावा त्याला."

मुलाला पुन्हा सगळं सांगितलं. तिकडे ऑफिसातले आवाज येत होते, मग एक दार लागल्याचा आवाज आला आणि शांत झालं.

"काकांना शेवटपर्यंत कळलं नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"आणि मावशी? विकतेय?"

"नाही. कौल डावा लागला."

"खरा डावा का, पप्पा?"

"खरा."

तो म्हणाला, "शनिवारी येतो मी."

"ये. गाडी किती वाजता पोचते सांग, मी स्टँडवर..."

"लातूरला नाही. अर्धापूरला."

आज गुरुवार आहे. बायको कालच बहिणीकडे गेली. एवढ्या वर्षांत ती मला असं सोडून गेली नव्हती, निदान भाजी करून ठेवत असे. घरात एक फणी आहे, मेहुणीने त्या दिवशी जीपमध्ये ठेवली होती, कुणासाठी ते न सांगता. मुलगा तिथे काय करणार आहे, राहणार आहे की बघून परत जाणार आहे, मला कुणी सांगितलेलं नाही. तो त्या माणसाच्या बाजेवर बसेल, त्याच्या ओळींमधून फिरेल आणि दोघी बहिणी त्याला वाढतील, एवढं मला इथून दिसतं. आणि हो, हेवा अजून तोच आहे, ओसरीवर वाटायचा तो.

सकाळी मी मेहुणीला फोन केला. शनिवारी मीही येऊ का, असं विचारलं.

तिकडे मागे कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली होती.

"देवीला इचारा, दाजी," ती म्हणाली. "गवाहीला मी येते."